मोडीच्या भावापलीकडे

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, एका काडीचे चष्मे, मुके रेडिओ, दाराच्या कड्या, पान्हे आणि कुणाच्या तरी लग्नातले कृष्णधवल फोटो शेजारी शेजारी मांडलेले असतात. बहुतेक गिऱ्हाईक पान्ह्यासाठी आलेले असते आणि पान्हा घेऊन जाते. थोडे लोक निराळे वागतात. ते वस्तू उचलून आधी तिचा तळ पाहतात, नखाने मळ खरवडतात, भाव विचारून ती खाली ठेवतात आणि एक चक्कर मारून परत तिथेच येतात. यांच्यात बँकेतला कारकून असतो, निवृत्त मास्तर असतात, हल्ली कॉलेजात शिकणाऱ्या मुलीही दिसतात. घेतलेली वस्तू ते घरी नेतात, पुसतात, ती काय आहे, कुठली आहे, केव्हाची आहे हे शोधून काढतात आणि काही काळ जवळ ठेवून दुसऱ्या शौकिनाला विकतात. आलेल्या पैशांतून पुढची वस्तू येते. याला धंदा म्हणावे तर यात पोट भरत नाही आणि संग्रह म्हणावे तर घरात काही टिकत नाही. या मधल्या उद्योगात पाऊल टाकू पाहणाऱ्यांसाठी हे प्रास्ताविक आहे. विषय फावल्या वेळाचा खरा, पण आत शिरले की धातुकाम, छपाई, कालगणना, कायदा आणि माणसांचे स्वभाव या सगळ्यांशी गाठ पडते.

या छंदावरची अमेरिकन पुस्तके वाचून कुणी आपल्याकडे सुरुवात करणार असेल, तर त्याची पहिल्याच आठवड्यात निराशा होईल. तिथे घरमालक शनिवारी सकाळी गॅरेजचे दार उघडतो, नको असलेले सामान अंगणात मांडतो, त्यावर किमतीच्या चिठ्ठ्या लावतो आणि शेजारीपाजारी येऊन ते घेऊन जातात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मराठी घरात भांडी विकायला काढणे ही घर बसल्याची खूण मानली जाई. दागिना गहाण पडला तरी तो रात्री पडे आणि पितळेची घागर निघाली तर ती मागच्या दाराने. त्यामुळे आपल्याकडे वस्तू घरातून थेट गिऱ्हाइकाच्या हाती जात नाही, ती आडवाटेने येते. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण, भंगारवाला, रद्दीवाला आणि वाडा पाडायचा ठेका घेणारा, हे तिचे चार वाटाडे. दसरा-दिवाळीची साफसफाई आणि इमारतीचा पुनर्विकास हे तिचे दोन हंगाम. वाडा पडतो तेव्हा सागवानी खांब लाकूडबाजारात जातात, पितळ मोडीत जाते, कागद रद्दीत जातो आणि देवळीतला दिवा, फडताळातली चिनी मातीची बरणी, माळ्यावरची ट्रंक या गोष्टी कुठे जातील ते त्या दिवशी हजर असलेल्या हमालांवर अवलंबून असते.

मुंबईत भेंडीबाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवर, म्हणजे चोरबाजारात, हाच माल आणखी तीन हात फिरून आलेला दिसतो. तिथली दुकाने शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो आणि जाणकार गिऱ्हाईक त्यासाठी पहाटेच पोचते. गोव्यात जुन्या घरांतले शिसवी पलंग आणि वेताच्या विणीच्या खुर्च्या असाच प्रवास करतात. वाट कोणतीही असो, तिच्यावर सगळ्यांत आधी गळून पडते ती वस्तूची हकीकत. बोहारणीला घर ठाऊक असते. तिच्याकडून घेणाऱ्याला फक्त गल्ली ठाऊक असते. तिसऱ्याला गाव आणि चौथ्याला वजन. मला या क्षेत्राबद्दल जे काही म्हणायचे आहे ते या घसरणीविषयी आहे. जुनी वस्तू शोधून विकणाऱ्या हौशी माणसाची खरी कमाई ही हकीकत थोपवून धरण्यात आणि सापडेल तेवढी परत मिळवण्यात आहे. नफा त्याच्या पाठोपाठ येतो.

या म्हणण्याला थोडा शास्त्राधार आहे. मायकेल थॉम्पसन या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये ‘रबिश थिअरी’ नावाचे पुस्तक लिहिले. त्याची मांडणी अशी की, काही वस्तूंची किंमत दिवसेंदिवस घटत जाते, काहींची वाढत जाते आणि या दोन वर्गांमध्ये एक तिसरा, बेवारस वर्ग असतो: कचरा. घटत्या किमतीच्या वर्गातून वाढत्या किमतीच्या वर्गात जायचे तर वस्तूला कचऱ्यातून जावे लागते, तिची किंमत एकदा शून्याला टेकावी लागते. महाराष्ट्रातल्या पितळेला हे तंतोतंत लागू पडते. स्टेनलेस स्टील घराघरांत आले तेव्हा कल्हईची कटकट गेली, चिंचेने घासणे गेले आणि घागरी, घंगाळी, परातींच्या चळती किलोवर गेल्या. त्याआधी हलक्या पगाराच्या घरांत जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली येऊन बसलीच होती. गॅस आणि गिझर आले तेव्हा तांब्याचा बंब निरुपयोगी ठरला. आज तोच बंब हॉटेलच्या दाराशी लख्ख घासून उभा केलेला असतो आणि त्यात मनीप्लांट असतो. या प्रकाराकडे बघून मला हसावे की रडावे ते कळत नाही, पण थॉम्पसनच्या दृष्टीने बंबाचा प्रवास सुरळीत पूर्ण झाला आहे.

थॉम्पसननंतर सात वर्षांनी, १९८६ मध्ये, मूळचे मुंबईचे अर्जुन अप्पादुराई यांनी ‘द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज’ हा लेखसंग्रह संपादित केला. त्यात इगोर कोपिटॉफ यांनी वस्तूचे चरित्र लिहिता येते असा विचार मांडला: ती कुठे जन्मली, कुणाकडे राहिली, केव्हा विकाऊ झाली, केव्हा विकण्यापलीकडे गेली. जुन्या बाजारात फिरणाऱ्याने हा लेख जरूर वाचावा. देवघरातला चांदीचा टाक हा त्याचा चपखल नमुना आहे. पूजेत आहे तोवर त्याला भाव नाही. वारस उरले नाहीत किंवा नव्या घरात देवघराला जागा नाही म्हणून तो सराफाकडे आला की तो एवढे ग्रॅम चांदी होतो. सराफाने वितळवायच्या आधी कुणी अभ्यासकाने उचलला तर खंडोबा, म्हाळसा, भैरोबा, जोगेश्वरी अशी दैवते आणि कारागिराची घडण यांचा तो पुरावा होतो. टाकांचा व्यापार करू नये असे मानणारे लोक आहेत आणि त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. वितळण्यापेक्षा विकला गेलेला बरा, एवढे माझे मत आहे.

आपल्या भागात या सगळ्याचा पाया घातला तो दिनकर गंगाधर केळकर यांनी (१८९६–१९९०). ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला घेतल्या. त्या काळात वस्तुसंग्रहालय म्हटले की शिल्पे, नाणी, शस्त्रे आणि राजघराण्यांतली चित्रे. केळकर अडकित्ते, दिवे, वजऱ्या, फण्या, दौती, खेळणी, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंच्या मागे लागले, म्हणजे ज्यांची किंमत तेव्हा शून्याच्या आसपास होती त्यांच्याच. बालपणी गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी पुण्यात संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये ते राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केले. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो ठेवा नवख्याने बाजारात पैसे घालवण्याआधी पाहावा. एकाच जागी इतके अडकित्ते पाहिल्यावर चांगला कोणता आणि नुसता जुना कोणता हे डोळ्यांना आपोआप कळू लागते. पुस्तकांतून ही नजर येत नाही.

केळकरांचे नाव निघाले की एक आक्षेप ठरलेला असतो: जमवणारा तो खरा प्रेमी, विकणारा तो व्यापारी. मला हे पटत नाही. माझ्या माहितीतले कित्येक संग्रह मालकाच्या निधनानंतर कपाटांत कोंडून राहिले आणि पुढच्या पिढीने ते उक्ते विकून टाकले. त्यात हकीकत पुन्हा शून्यावर आली. याउलट घड्याळांचा एखादा हौशी विक्रेता हातात आलेले जुने भिंतघड्याळ नेमक्या त्या कंपनीच्या अभ्यासकापर्यंत पोचवतो, जे त्या अभ्यासकाला स्वतः फिरून कधीच सापडले नसते. विकणाऱ्यावर रोष धरायचाच, तर तो फोडणाऱ्यावर धरावा. दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ चौकटीत चांगले विकते म्हणून दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ फाडून अंक रद्दीत टाकणारे लोक आहेत. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची आपली ही परंपरा, आणि तिच्या अंकांतल्या जाहिराती हा मराठी मध्यमवर्गाचा उत्तम इतिहास आहे. फाडलेल्या अंकाबरोबर तोही जातो. फोटोंच्या अल्बममधून एकच चांगला फोटो काढून घेणे, पानदानातून चुनाळे वेगळे विकणे, जोडीच्या समया एकेक करून विकणे हे सगळे त्याच पंथातले.

आता या विद्येच्या गाभ्याकडे, म्हणजे वस्तूचा काळ ठरवण्याकडे येऊ. विक्रेता प्रत्येक वस्तू शंभर वर्षांची आहे असे सांगतो. ते ऐकून घ्यावे आणि वस्तूलाच विचारावे. छापील मजकूर असेल तर काम सोपे असते. पत्र्याच्या डब्यावर किंमत आण्यांत असेल तर तो बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, आणि नुसतेच ‘मुंबई २’ असेल तर बहुधा आधीचा. चिनी मातीच्या बशीमागे ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असे इंग्रजीत असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन अमलाखालच्या जपानमधून, १९४७ ते १९५२ च्या दरम्यान निघाली. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का रूढ झाला तो ब्रिटनच्या १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्यामुळे. त्यामुळे असा शिक्का असलेल्या वस्तूला पेशवाईतली म्हणणाऱ्याकडे पाहून फक्त हसावे.

भांड्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक असा पुरावा आहे की त्याचा इतर देशांतल्या संग्राहकांनी हेवा करावा. मराठी माणूस भांड्यावर नाव घालतो. लग्न, मुंज, मंगळागौर, वास्तुशांत, अधिक महिन्यातले जावयाचे वाण, असा कोणताही प्रसंग असो, भांडे दुकानातून निघण्याआधी कारागीर बारीक छिन्नी आणि हातोडीने ठिपक्याठिपक्यांची अक्षरे उमटवी: कुणाला, कुणाकडून, कशाबद्दल, कधी. नंतर विजेचे यंत्र आले आणि ठिपक्यांच्या जागी सलग ओरखडा आला. नुसत्या या फरकावरूनही भांड्याच्या वयाचा अंदाज येतो. नावापुढे ‘रा. रा.’ असेल तर भांडे बहुधा स्वातंत्र्याच्या आधीचे. साल शकाचे असेल तर त्यात ७८ मिळवावेत, आणि पौष, माघ किंवा फाल्गुनातली तारीख निघाली तर बहुधा ७९.

अधिक महिन्याचे वाण तर कालगणनेची मेजवानीच असते. अधिक श्रावण दर वर्षी येत नाही. तो १९४७, १९६६, १९८५ अशा मोजक्या वर्षीच आला. समजा तांब्याच्या ताम्हनावर साल झिजून गेले आहे आणि ‘अधिक श्रावण’ एवढेच वाचता येते, तर अक्षरांची ढब आणि मायने पाहून त्या मोजक्या वर्षांतले एक निवडता येते. शके १८६९ स्पष्ट असेल, तर ते वाण १८ जुलै ते १६ ऑगस्ट १९४७ या महिन्यातले. देश स्वतंत्र होत होता आणि सासूबाई जावयासाठी ताम्हनावर नाव घालून घेत होत्या. अशा भांड्याला सामान्य ताम्हनापेक्षा जास्त किंमत मिळायला हवी, आणि आता थोड्या गिऱ्हाइकांना ते कळूही लागले आहे.

पण बाजारात नेमके उलटे घडते. वापरलेले भांडे दिसू नये म्हणून विक्रेते नाव घासून काढतात. भंगारवाल्याला ते चालते, कारण मोडीचा भाव नावावर ठरत नाही. हौशी विक्रेत्याने मात्र हे कधीही करू नये. साफसफाईचा एकूण नियमच कमी करण्याचा आहे. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून केलेल्या मठारकामाच्या भांड्याला जो मंद रंग चढतो तो वर्षांचा असतो. चिंच-मिठाने तो एका सकाळी उतरतो आणि परत यायला पुन्हा तेवढीच वर्षे लागतात. मळ काढावा, रंग ठेवावा. एक सावधगिरीही सांगतो. भांड्यावर देवस्थानाचे, ज्ञातिसंस्थेचे किंवा मंडळाचे नाव असेल, तर ते तिथून रीतसर बाहेर पडले आहे याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नये. लग्नकार्याला उसनी नेलेली सार्वजनिक भांडी परत न येण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे.

शिक्के आणि अक्षरे नसतील तेव्हा झीज पाहायची. झीज योग्य जागी हवी. समई उघडझाप करून वापरली असेल तर मळसूत्राचे आटे गुळगुळीत झालेले असतील आणि हाताने कापलेले आटे एकसारखे नसतील. अडकित्त्याचे पाते धार लावून लावून अरुंद झालेले असेल, खिळ्याजवळ खेळ आलेला असेल. जुन्या मोठ्या पातेल्याच्या अंगाला पत्रा जोडल्याची दातेरी रेघ दिसते. यंत्राने दाबून केलेल्या भांड्याला ती नसते. सगळीकडे सारखीच काळवंडलेली, खोलगट भागात हिरवी आणि कडांना कोरी करकरीत असलेली मूर्ती आम्लात बुडवलेली असण्याची शक्यता जास्त. खिशात लोहचुंबक ठेवावा, कारण पितळेचा मुलामा दिलेले लोखंड तो लगेच पकडून देतो.

नकली मालाचा एक मोठा अध्याय मुंबईने लिहिला आहे. पितळेचा झळझळीत कर्णा असलेला, अष्टकोनी लाकडी पेटीचा ‘एचएमव्ही’ ग्रामोफोन पर्यटकांना फार आवडतो. त्यातले बहुतेक जुन्या पोर्टेबल यंत्राची मोटर नव्या पेटीत बसवून आणि पातळ पत्र्याचा नवा कर्णा लावून बनवलेले असतात. जगभरच्या ग्रामोफोनप्रेमींनी त्यांना ‘क्रॅपोफोन’ असे कुचकट नाव दिले आहे. घड्याळांच्या दुनियेत ‘मुंबई स्पेशल’ ही अशीच बदनामी आहे: जुन्या स्विस यंत्रावर किंवा एचएमटीवर भडक रंगाची नव्याने रंगवलेली तबकडी. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला घेतली आणि चावीची ‘जनता’ लाखो मनगटांवर गेली. तिची मूळ तबकडी साधी, बहुधा पांढरी. जांभळ्या-नारिंगी तबकडीची ‘जनता’ दिसली तर यंत्र खरे असू शकते, चेहरा खोटा आहे. मला या कारागिरांचा पूर्ण राग येत नाही. त्यांनी बंद पडलेली यंत्रे चालू ठेवली. फसवणूक सुरू होते ती ‘ओरिजिनल’ या शब्दापासून.

चित्रांत भिंग लागते. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून निघालेली लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचली. ही शिळाछापाची चित्रे, प्रत्येक रंगाचा दगड निराळा. भिंगाखाली रंगांचे ठिपके वेडेवाकडे, कमीजास्त आकाराचे दिसतात. हल्लीच्या ऑफसेट नकलेत ठिपके कवायतीला उभे असल्यासारखे ओळीत असतात आणि चार ठरावीक रंगांची फुले दिसतात. एवढे शिकायला पाच मिनिटे लागतात आणि त्यातून अनेकांचे हजारो रुपये वाचू शकतात.

नाण्यांपासून नवख्याने सुरुवातीला लांबच राहावे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, रामदरबार किंवा हनुमान असलेली तांब्याची ‘नाणी’ ही नाणी नव्हेतच. कंपनीने असली नाणी पाडली नाहीत. काहींवर तर १६१६ साल घातलेले असते. तांदूळ ओढणारे तांब्याचे भांडे, त्यातला इरिडियम आणि ते घ्यायला येणारे परदेशी शास्त्रज्ञ ही गोष्ट महाराष्ट्रात इतक्यांदा पोलिसांत गेली आहे की तिच्यावर अजून विश्वास ठेवणारे सापडतात याचेच नवल. जुन्या नोटांना लाखो रुपये देतो म्हणून आधी ‘शुल्क’ मागणाऱ्यांविषयी २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला इशारा द्यावा लागला.

ध्वनिमुद्रिकांचा प्रांत मात्र नवख्यासाठी खुला आणि प्रेमळ आहे. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते आणि ती लाख बहुतेक भारतातूनच जगभर जाई. तिला स्पिरिटने पुसू नये, लाख विरघळते. तिच्या खाचा रुंद असल्याने नंतरच्या एलपीची सुई तिच्यावर चालवू नये. लेबल फाटले तरी मधल्या गुळगुळीत कड्यावर कोरलेला क्रमांक शाबूत असतो आणि त्यावरून ध्वनिमुद्रण शोधता येते. मायकेल किनियर यांनी भारतातल्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांच्या सूची तयार केल्या आहेत आणि मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने या विषयात सातत्याने काम केले आहे. त्यामुळे नाट्यगीताची एखादी बेवारस तबकडी हातात आली तर ती ओळखायला पुष्कळ आधार मिळतो. भांड्यांना असा आधार नाही, हे दुखणे मी पुढे काढणारच आहे.

कायदा थोडक्यात सांगतो, पण तो टाळून पुढे जाऊ नये. पुरावस्तू आणि कला-वस्तू अधिनियम १९७२ चा, तो १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांपूर्वीची शिल्पे, चित्रे, नाणी, कारागिरीच्या वस्तू आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोलाची पंचाहत्तर वर्षांपूर्वीची हस्तलिखिते व कागदपत्रे त्याच्या कक्षेत येतात. त्यांच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाचीला जुनी मूर्ती भेट पाठवणे हाही त्यात गुन्हा ठरू शकतो. जमिनीत सापडलेले धन १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. हस्तिदंती सोंगट्या आणि वाघनखांची लॉकेटे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे विकताच येत नाहीत, आजोबांची असली तरी. तलवारींसाठी शस्त्र कायदा आहे. हौशी माणसाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशापासून पुढे राहावे. तिथे साहित्य अमाप आहे आणि झोपही शांत लागते.

पैशांचे गणित भांड्यांत सोपे असते, कारण मोडीचा भाव हा तळ असतो. वजनाच्या भावाने घेतलेले पितळ कधीही वजनाच्या भावाने परत जाते. त्याच्या वर जे देता ते तुमच्या ज्ञानाचे आणि हौसेचे. सकाळी भवानीच्या वेळी विक्रेता मऊ असतो, संध्याकाळी गाठोडे बांधताना त्याहून मऊ. मधल्या वेळात घासाघीस करण्यात दोघांचाही दिवस जातो. दुकानदाराशी व्यवहार करताना तुम्हाला जास्त कळते हा तुमचा हक्क आहे, त्यालाही ते ज्ञान मिळवायला तुमच्याइतकाच मोकळा वेळ होता. घरी जाऊन घेताना ही सूट नाही. आजीबाई बरणी देऊन टाकत असतील तर तिची किंमत आधी सांगावी आणि मग बोलणी करावीत. हा साधेपणा व्यवहारातही फळतो. माळ्यावरची ट्रंक त्याच्याचसाठी उघडली जाते ज्याने बरणीची खरी किंमत सांगितलेली असते. आणि तीच आजी बरणी कुणाकडून आली ते सांगते, जे बाजारात कुठल्याही भावाने मिळत नाही.

या क्षेत्रात करण्यासारखे काम अजून पडून आहे. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, ओगलेवाडीचा काच कारखाना १९१६ चा. त्याचे प्रभाकर कंदील अजून बाजारात येतात, पण सांगाडा एकाचा आणि काच दुसऱ्याची अशी त्यांची जोडाजोड झालेली असते आणि कोणता नमुना कोणत्या वर्षांतला हे सांगणारी साधी यादी सहज हाताशी येत नाही. पितळी भांड्यांच्या कारखान्यांचे शिक्के, त्यांची गावे आणि साले एकत्र कुणी लिहिली तर तो या विषयातला पायाभूत ग्रंथ होईल. त्याहून निकडीचे काम नाव घालणाऱ्या कारागिरांचे आहे. भांड्यांच्या पेठांमध्ये हाताने अक्षरे ठोकलेली काही वयस्कर माणसे अजून भेटतात. अक्षर पाहून ते कोणत्या दुकानातले हे सांगू शकणारी ही शेवटची पिढी असावी. यासाठी विद्यापीठाची वाट पाहायचे कारण नाही. दर रविवारी बाजारात जाणाऱ्या माणसाने प्रत्येक भांडे विकण्याआधी त्यावरच्या लेखाचा फोटो काढला, वजन आणि उंची लिहिली, कुठून घेतले ते नोंदवले आणि त्या नोंदीची एक प्रत भांड्याबरोबर गिऱ्हाइकाला दिली, तर दहा-वीस जणांत मिळून काही वर्षांत एक दफ्तर तयार होईल. माणसे हयात असतील तर आडनावे झाकून ते इतरांना दाखवावे. आणि नाव घासून देता का, असे विचारणारे गिऱ्हाईक आले तर त्याला दुसरे, कोरे भांडे दाखवावे.